थायरॉइडच्या गाठींवरील सूक्ष्मतरंग उपचार आणि ध्वनिप्रतिमेचे मार्गदर्शन : एक विवेचन

१. प्रस्तावना

मानेच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला बिलगून असलेली थायरॉइड अथवा अवटू ग्रंथी शरीरातील चयापचयाचे नियमन करणारी संप्रेरके स्रवते. या ग्रंथीत गाठी निर्माण होणे ही अत्यंत सामान्य बाब आहे. सोनोग्राफीद्वारे केलेल्या निरनिराळ्या पाहण्यांत १९ ते ६८ टक्के व्यक्तींमध्ये अशा गाठी आढळून आल्या असून त्यांपैकी बहुसंख्य निरुपद्रवी असतात. तथापि मोठ्या गाठीमुळे गिळताना अडथळा येणे, गळ्यावर दाब जाणवणे, मान विद्रूप दिसणे असे त्रास उद्भवतात.

अशा गाठीवरील पारंपरिक उपाय म्हणजे शस्त्रक्रिया होय. संपूर्ण ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णांमध्ये शारीरिक व मानसिक मांद्य येते, ही गोष्ट स्विस शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्येच नोंदविली होती. थायरॉइडविषयक कार्यासाठी त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज संप्रेरकाच्या गोळीने ही उणीव भरून काढता येते. परंतु ती गोळी जन्मभर घ्यावी लागते. यास्तव ग्रंथी शाबूत ठेवून केवळ गाठ नष्ट करणाऱ्या पद्धतींचा शोध महत्त्वाचा ठरला. सूक्ष्मतरंगांच्या उष्णतेने गाठ नष्ट करणे ही त्यांपैकी एक पद्धती. या पद्धतीत ध्वनिप्रतिमा कोणते कार्य करते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. सूक्ष्मतरंगांचे कार्य

या उपचारात सुईसारखी बारीक अँटेना त्वचेतून थेट गाठीत नेली जाते. तिच्या टोकातून बहुधा २४५० मेगाहर्ट्झ वारंवारतेचे विद्युतचुंबकीय तरंग बाहेर पडतात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीतही हीच वारंवारता वापरली जाते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, तर दुसरे किंचित ऋण असते. सेकंदाला २४५ कोटी आवर्तने करणाऱ्या विद्युतक्षेत्राबरोबर दिशा बदलण्याचा हे रेणू प्रयत्न करतात व त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की पेशींतील प्रथिने जवळजवळ तत्काळ गोठतात आणि पेशी मृत होतात. मृत ऊतक बाहेर काढावे लागत नाही; पुढील काही महिन्यांत शरीरच त्याचा निचरा करते.

३. सुईचा मार्ग आणि ध्वनिप्रतिमा

थायरॉइडच्या सभोवती श्वासनलिका, अन्ननलिका व मोठ्या रक्तवाहिन्या दाटीने वसलेल्या आहेत. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधील खोबणीतून स्वरयंत्राकडे जाणारी चेता ग्रंथीच्या मागील बाजूस असते. तिला इजा झाल्यास रुग्णाचा आवाज बसतो. शिक्षक, कीर्तनकार वा गायक यांच्या दृष्टीने ही हानी उपजीविकेवर घाला घालणारी ठरू शकते. म्हणूनच सुईचे टोक प्रतिक्षणी दृष्टीच्या टप्प्यात असणे अनिवार्य होय.

हे कार्य श्राव्यातीत ध्वनी करतो. मऊ ऊतकांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. त्यामुळे १० मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ०.१५ मिलिमीटर भरते आणि अतिशय सूक्ष्म तपशील दिसू शकतात. वारंवारता वाढली की ध्वनीची खोलवर जाण्याची क्षमता घटते. परंतु थायरॉइड त्वचेच्या निकट असल्याने ही अडचण येथे बाधत नाही. शिवाय प्रतिमा त्याच क्षणी पडद्यावर दिसते आणि त्यात किरणोत्सर्ग नसतो.

सुई सामान्यतः मानेच्या मध्यरेषेकडून, ग्रंथीचे दोन खंड जोडणाऱ्या पट्ट्यातून, बाहेरच्या दिशेने नेली जाते. या मार्गाने सुईची संपूर्ण लांबी पडद्यावर दिसते आणि रुग्णाने आवंढा गिळला तरी ती सहसा हलत नाही. ग्रंथी व नाजूक अवयव यांच्यामध्ये द्रव सोडून अंतरही निर्माण केले जाते. उपचार बहुधा स्थानिक भूल देऊन होत असल्याने मधूनमधून रुग्णाला बोलते करून त्याच्या आवाजाची परीक्षा घेता येते.

४. प्रतिमेची मर्यादा

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. पडद्यावर दिसते ती उष्णता नव्हे. ऊतक तापले की त्यात वायूचे सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात व ते पांढऱ्या ढगासारखे दिसतात. हा ढग मृत ऊतकाची अचूक सीमा दाखवत नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्या पाठीमागील भाग छायेत झाकला जातो. म्हणून गाठीचा खोल भाग आधी व वरचा भाग नंतर तापविण्याचा क्रम पाळला जातो. गाठ खरोखर नष्ट झाली की नाही हे पाहण्यासाठी शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रावण देऊन पुन्हा प्रतिमा घेता येते. ज्या भागात हे बुडबुडे पोहोचत नाहीत तेथील रक्तप्रवाह थांबला, असा निष्कर्ष निघतो.

यशाचे मोजमापही प्रतिमेवरच अवलंबून असते. गाठीची लांबी, रुंदी व जाडी यांच्या गुणाकारास ०.५२ ने गुणले असता तिचे आकारमान मिळते. ४, ३ व २ सेंटिमीटर मापाची गाठ सुमारे १२.५ मिलिलिटरची भरते. तिन्ही मापे प्रत्येकी २० टक्क्यांनी घटली तरी आकारमान जवळजवळ निम्मे होते. आणि ५० टक्क्यांहून अधिक घट हा यशाचा प्रचलित निकष आहे.

५. निवडीचा प्रश्न

सुई कोठे न्यावी याइतकाच, ती मुळात न्यावी काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. निरुपद्रवी गाठीवर हा उपचार करण्यापूर्वी बारीक सुईने पेशी काढून त्यांची तपासणी करणे आवश्यक असते, कारण उपचारानंतर अखंड गाठ तपासणीसाठी उरत नाही. त्रास न देणाऱ्या निरुपद्रवी गाठीला सहसा उपचाराचीच गरज नसते.

दक्षिण कोरियाचा अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी मोहीम सुरू झाली आणि तिच्या जोडीने थायरॉइडची सोनोग्राफी अल्प दरात उपलब्ध होऊ लागली. परिणामी २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र बदलले नाही. याउलट जपानमधील कोबे येथील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून १ सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या कर्करोगांवर तत्काळ शस्त्रक्रिया न करता नियमित देखरेख ठेवण्याचा पर्याय स्वीकारला. अशा रुग्णांपैकी १० वर्षांत गाठ ३ मिलिमीटर वा अधिक वाढल्याचे प्रमाण सुमारे ८ टक्केच आढळले. अशा लहान कर्करोगांवरही आता सूक्ष्मतरंग वापरले जात आहेत. म्हणून प्रत्येक वेळी उपचाराची तुलना केवळ शस्त्रक्रियेशी न करता देखरेखीशीही करणे अगत्याचे ठरते.

६. निष्कर्ष

ज्याला खरोखर त्रास आहे अशा रुग्णाची गाठ, गळ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण न ठेवता व ग्रंथी राखून लहान करणे सूक्ष्मतरंग पद्धतीने शक्य झाले आहे. त्यात ध्वनिप्रतिमा चिकित्सकाचा डोळा बनते. परंतु हा डोळा उष्णता पाहू शकत नाही आणि गाठ दिसली म्हणजे ती नष्ट केलीच पाहिजे असेही सांगत नाही. प्रतिमेने दाखविलेले आणि न दाखविलेले, या दोहोंचा विचार करणारा चिकित्सकाचा विवेक हाच या उपचाराचा खरा मार्गदर्शक होय.