बदमाश : शिवीतला ‘माश’ आणि सातबाऱ्यातला ‘माश’

आज एकच शब्द घेऊ : बदमाश. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर.

आमच्या इस्लापूरकडं आजी नातवाला म्हणते, “लै बदमाश झालास बरं का!” त्यात रागापेक्षा कौतुक जास्त असतं. तोच शब्द मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याला लावला, तर भांडण ठरलेलं. म्हणजे शब्द एकच, पण कोण कुणाला म्हणतंय त्यावर वजन बदलतं.

आता शब्द फोडून बघू. फारसीत ‘बद’ म्हणजे वाईट. ‘माश’ आला अरबी ‘मआश’वरून, अर्थ पोट भरायचं साधन, उपजीविका. आपण ‘ऐश करतो’ म्हणतो ना, तो ‘ऐश’ही त्याच धातूतला, मूळ अर्थ जगणं. तर बदमाश म्हणजे वाईट मार्गानं पोट भरणारा.

हा ‘माश’ मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला चांगला माहीत आहे. ‘मदतमाश’ जमिनी ऐकल्यात ना? निजामाच्या राज्यात एखाद्याच्या निर्वाहासाठी दिलेलं इनाम ते मदतमाश, आणि देवस्थानाच्या वगैरे सेवेसाठी दिलेलं ते खिदमतमाश. हैदराबाद राज्यानं १९५४ साली इनामं रद्द करणारा कायदा केला, तरी हे शब्द महसुली कागदांत टिकले. आपला किनवट तालुका तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता, त्यामुळं कचेरीची उर्दू इथल्या बोलीत मुरली.

आता शेजारी ‘दुष्ट’ ठेवा. संस्कृत ‘दुष्’ म्हणजे बिघडणं. दोष, दूषित हे त्याचेच भाऊबंद. दुष्ट म्हटलं की माणूस आतूनच नासलाय, असा निकाल लागतो. बदमाश मात्र त्याच्या धंद्यावर बोट ठेवतो. धंदा सोडला की शब्दही सुटायला पाहिजे.

हा फरक किती मोठा आहे, ते इतिहासात दिसतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला. त्यात माणूस काय करतो हे न बघता, तो कोणत्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवता येत होतं. पोलिसांकडं नोंद, हजेरी, फिरण्यावर बंधनं. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्यातून सुटका झाली, म्हणून त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. आपल्या तांड्यांवरचा बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीतच येतो. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की आधी कुणाच्या वस्तीकडं बोट जातं, ते आपण सगळे बघतो.

सॉफ्टवेअरमध्ये एक डिफॉल्ट व्हॅल्यू असते : कुणी काही भरलं नाही, तरी आपोआप बसते. जन्मावरून चिकटवलेलं ‘बदमाश’ तसंच आहे. माणसानं काहीच केलेलं नसतं, तरी रकाना भरलेला असतो.

म्हणून वापराचा साधा नियम : बदमाश म्हणायच्या आधी त्याचं कृत्य सांगता आलं पाहिजे. “हा बदमाश आहे, मापात मारतो”, हे बरोबर. “ते लोकच बदमाश”, हे शब्दाच्या मूळ अर्थालाच धरून नाही. एका अख्ख्या वस्तीचा ‘माश’ एकच कसा असेल?

तुमच्या भागात असा कोणता शब्द आहे, तो नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.