चाकाचं माप, सरीचं माप

कॅनडासारख्या देशात हिवाळा आला की छोट्या ट्रॅक्टरचा सगळा सरंजाम बदलतो. पुढे बर्फ लोटायचं पातं बसतं, टायरांना साखळ्या चढतात, मागे वजन लटकतं. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यात बर्फ पडत नाही, पण दसऱ्याच्या सुमाराला इथेही छोटा ट्रॅक्टर नव्या हंगामासाठी सजवावा लागतो. कपाशीतलं कोळपं उतरतं, ज्वारी-हरभऱ्यासाठी पेरणीयंत्र चढतं, मोसंबीच्या बागेसाठी फवारणीचा ब्लोअर धुऊन तपासला जातो.

ही अवजारं ट्रॅक्टरला इतक्या सहज जोडता येतात, याचं श्रेय हॅरी फर्ग्युसन यांना. हायड्रोलिकवर उचलल्या जाणाऱ्या त्यांच्या तीन बिंदूंच्या जोडणीचा ट्रॅक्टर फोर्डने १९३९ मध्ये बाजारात आणला. आज पंधरा-अठरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरलाही तीच जोडणी असते: खाली दोन दांडे, वर टॉप लिंक.

माझं लक्ष मात्र अडकलं ते मागच्या चाकांत. छोट्या ट्रॅक्टरची सारी किंमत त्याच्या अरुंदपणात आहे. तीन-चार फुटांच्या सरीत झाड न मोडता शिरता आलं, तरच तो कामाचा. म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी सरीचं अंतर विचारतो. चाकाची डिस्क सपाट नसते, एका बाजूला खोलगट असते. तिची बाजू फिरवली की दोन चाकांमधलं अंतर कमी-जास्त होतं. पण चाक आहे त्याच बाजूला उलटं बसवलं, तर टायरच्या नक्षीचे बाणही उलटे होतात. मग वापसा नसलेल्या काळ्या रानात नक्षीत चिखल भरतो आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. त्यामुळे उजवं चाक डावीकडे जातं, डावं उजवीकडे. एवढ्याशा अदलाबदलीत किती विचार भरलेला आहे!

दुसरा प्रश्न वजनाचा. हलका ट्रॅक्टर जमीन कमी दाबतो हे खरं, पण ओढकामात घसरतोही लवकर. उपाय स्वस्त आहे: व्हॉल्व्ह वर येईल असं चाक फिरवायचं आणि ट्यूबमध्ये साधारण पाऊण भाग पाणी भरायचं. बर्फाच्या मुलखात हे पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे साधं पाणी चालतं. पण मागच्या चाकांपलीकडे लटकणारं अवजार उचललं की पुढचा भाग हलका होतो. पेरणीयंत्र उचलून बांधावर वळताना स्टेअरिंग हातात असूनही पुढची चाकं ऐकत नाहीत. म्हणून पुढे लोखंडी वजनं हवीतच, आणि नेमका त्यांचाच खर्च टाळला जातो. याची मला खरोखर काळजी वाटते. ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी चौकट बहुतेकदा नसते.

एवढं करूनही हिवाळ्यातलं सगळ्यात अवघड काम या यंत्राच्या आवाक्याबाहेर राहतं, ते म्हणजे कपाशीची पऱ्हाटी काढणं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यातली कपाशी पोखरली, तेव्हापासून कृषी विभाग कानीकपाळी ओरडतो आहे की डिसेंबरअखेर कपाशी मोडा, फरदड म्हणजे लांबवलेलं पीक घेऊ नका. अळी शिल्लक बोंडांत सुप्तावस्थेत राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा उठते. पण वाळलेल्या पऱ्हाटीचा भुगा करणाऱ्या श्रेडरला लागणारी ताकद पंधरा अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या पीटीओत, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्यात, नाही. चिमट्याने उपटायची, तर माणसं कुठे आहेत? बीड जिल्ह्यातले ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. ज्या महिन्यांत गावाला हातांची गरज, त्याच महिन्यांत घरांना कुलपं.

मग छोट्या ट्रॅक्टरचा मालक मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडे नंबर लावतो, आणि तो नंबर लागेपर्यंत हरभऱ्याची कोळपणी येऊन ठेपते. प्रत्येकाने कर्ज काढून वेगळं अवजार घ्यायचं आणि वर्षातले दहा महिने ते गोठ्याशेजारी गंजू द्यायचं, हे परवडणारं नाही. छोटा ट्रॅक्टर घरचा असू द्यावा. श्रेडर आणि तो चालवणारा मोठा ट्रॅक्टर मात्र गावातल्या शेतकरी गटाने मिळून घ्यावा आणि डिसेंबरच्या पाळ्या दिवाळीआधीच लावून टाकाव्यात.