मेंढीच्या खुराकात काय मिसळावे, काय मिसळू नये

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीत लग्न झाले. उरलेला भात आणि बुंदी फेकण्यापेक्षा मुक्या जनावराच्या तोंडी लागावी, म्हणून आम्ही घमेली भरून मेंढ्यांपुढे ठेवली. संध्याकाळी त्यांनी रवंथ बंद केले. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या दोन मेंढ्या मेल्या. कोणी नजर लागली म्हणाले, कोणी करणी. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून दाखवले, तेव्हा आत आंबलेला भात गच्च भरलेला होता. मेंढ्या गेल्या, हप्ते राहिले. त्यातून आम्ही जे शिकलो, ते वाचकांसाठी देत आहोत.

मेंढीच्या कोटीपोटात चारा पचवणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. त्यांना गवत, पाला, कडबा यांची सवय असते. अचानक भात, मका, गहू किंवा ज्वारी जास्त मिळाली की आम्ल तयार करणारे जीवाणू झपाट्याने वाढतात. लॅक्टिक आम्ल साठते आणि अंगातले पाणी पोटात ओढले जाते. मेंढी सुस्त होते, दात खाते, आंबट वासाची हगवण लागते. सुगीनंतर रानात पडलेली कणसे भरपूर खाल्ली, किंवा बकरी ईदसाठी मेंढा लवकर भरावा म्हणून मक्याचा भरडा एकदम वाढवला, तरी हेच होते.

यावर खुराकात मिसळायच्या काही गोष्टी उपयोगी आहेत.

खाण्याचा सोडा : पोटातील आम्ल कमी करतो. धान्याच्या 10 किलो खुराकात 100 ग्रॅम नीट कालवावा. धुण्याचा सोडा चुकूनही वापरू नये.

यीस्ट : जिवंत यीस्टमुळे आम्ल वापरून टाकणाऱ्या जीवाणूंना बळ मिळते. प्रमाण पाकिटावर असते. मुदत संपलेले किंवा ओल लागलेले पाकीट घेऊ नये.

क्षार मिश्रण : मेंढ्यांसाठी असलेलेच आणावे. गाई-म्हशींच्या मिश्रणात तांबे जास्त असते. ते मेंढीच्या यकृतात साठत जाते आणि एके दिवशी कावीळ, लाल लघवी होऊन मेंढी दगावते.

मोनेन्सिन : कोकरांच्या रक्ती हगवणीला आळा घालते, पण मात्रा थोडी चुकली तरी विषबाधा होते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. कळपासोबत ओझ्याचे घोडे असतील तर अधिक जपावे, कारण हा खुराक घोड्याच्या जिवावर बेततो.

मात्र कोणतीही पुडी सवयीची जागा घेत नाही. धान्य दर मेंढीला रोज 50 ग्रॅमपासून सुरू करावे आणि तीन-चार दिवसांनी 50 ग्रॅमने वाढवावे. आधी कडबा, मग धान्य, तेही दोन वेळा विभागून. गव्हाणीला सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल एवढी जागा हवी. नाहीतर दांडगी मेंढी दुबळीचा वाटा खाते आणि तीच आजारी पडते.

आणखी एक आजार आंत्रविषाराचा. जास्त धान्य मिळाले की आतड्यातले जीवाणू विष तयार करतात आणि कळपातले सर्वांत धष्टपुष्ट कोकरू अचानक मरते. सोडा दिला म्हणून हे टळत नाही. पावसाळ्यापूर्वी लस टोचून घ्यावी. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी, पुढे दरवर्षी एक.

मेंढीने जास्त धान्य खाल्ल्याचे कळताच उरलेले धान्य उचलावे, सुका चारा ठेवावा आणि डॉक्टरांना लगेच बोलवावे. मान वर करून जबरदस्तीने काही पाजू नये. ते फुप्फुसात जाते.

आता वस्तीत लग्न असले की आम्ही मेंढ्या आधी दूरच्या वाड्यात नेतो. उरलेले अन्न खताच्या खड्ड्यात जाते.