स्क्वेअर डान्सचा नवशिक्यांसाठी वर्ग

स्क्वेअर डान्स हे अमेरिकेतील समूहनृत्य. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात आणि कॉलर संगीताच्या तालावर पुढची हालचाल पुकारतो. तो काय पुकारणार हे आधी ठाऊक नसल्याने प्रत्येक हालचाल अंगवळणी पडावी लागते. १९७४ मध्ये स्थापन झालेली ‘कॉलरलॅब’ ही कॉलरांची संघटना हालचालींच्या याद्या व व्याख्या ठरवते. त्यामुळे एका क्लबात शिकलेला नर्तक परदेशातही सहज नाचू शकतो.

नवशिक्यांचा वर्ग सहसा आठवड्यातून एकदा, काही महिने चालतो. शिकवण्याचे काम कॉलरचे, तर बाकीची घडी समन्वयक बसवतो. सभागृह, तारखा, शुल्क आणि प्रसिद्धी ही कामे वर्ग सुरू होण्याआधीच उरकावी लागतात.

खरी कसोटी संख्येची असते. चौकोनाला आठ जण लागतात. सात आले तर चौकोन उभाच राहत नाही. म्हणून क्लबातले अनुभवी सदस्य मदतीला बोलावले जातात. त्यांना ‘एंजल’ म्हणतात. ते रिकामी जागा भरतात आणि स्वतः अचूक नाचून नवख्यांना दिशा दाखवतात. मात्र शिकवण्याचे काम त्यांनी कॉलरवरच सोडावे, हे समन्वयकाने आधीच स्पष्ट करणे बरे.

प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर उभा असतो. त्यामुळे गैरहजर राहिलेल्याची चौकशी करून त्याला उजळणीची संधी द्यावी लागते. नावाच्या पट्ट्या, विश्रांतीतला अल्पोपहार आणि जोडीदारांची अदलाबदल यांमुळे ओळखी वाढतात. शिकणारे पुढे क्लबाचे सदस्य होतात ते बहुधा या आपलेपणामुळेच.