हरभऱ्याची आंब आणि बाटलीतले आम्ल

थंडीच्या दिवसांत पहाटे हरभऱ्याच्या रानातून अनवाणी चालून आलेल्या माणसाला आंब म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पाय चुरचुरतात आणि बोट चाटले तर जीभ आंबते. जुन्या घरांतून रात्री पिकावर स्वच्छ फडके पसरायचे, पहाटे दवाने भिजलेले फडके पिळायचे आणि ती आंब बाटलीत भरून ठेवायची अशी रीत होती. या आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही दोन आम्ले असतात.

दुसरी बाटली दुकानातली, ठिबकच्या नळ्या साफ करण्यासाठी आणलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची. आम्ल दोन्हींत आहे. मग एक चाटता येते आणि दुसरे कातडी जाळते, असे का? हे समजून घेतले तर चुनखडीच्या रानात आम्लावर पैसे घालावेत की नाही, याचेही उत्तर मिळते.

हजार घरांचे गाव

आम्ल पाण्यात पडले की त्याचे रेणू फुटतात आणि हायड्रोजनचे विद्युतभारित कण मोकळे होतात. आंबटपणा या मोकळ्या कणांचा. स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी 1884 साली आपल्या प्रबंधात पाण्यात असे कण सुटे होतात ही कल्पना मांडली. पुढे 1903 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हजार घरांचे गाव डोळ्यांपुढे आणा. दवंडी पिटली आणि हजारही घरांतला माणूस बाहेर आला, तर ते हायड्रोक्लोरिक आम्ल. ते सगळेच्या सगळे फुटते. त्याला तीव्र आम्ल म्हणतात. आता व्हिनेगरमधले ॲसेटिक आम्ल घ्या. एक लिटर पाण्यात ते 6 ग्रॅम टाकले, तर हजारांतले जेमतेम 13 रेणू फुटतात. बाकीचे घरातच बसून राहतात. हे सौम्य आम्ल.

मात्र घरात बसलेले नाहीसे झालेले नसतात. बाहेरचे 13 कुणी उचलून नेले की आतले निघतात. म्हणून त्याच पाण्यात सोडा टाकत गेलात, तर शेवटी हजारही रेणू कामाला येतात. सौम्य म्हणजे थोडे नव्हे. आम्लाचा जोर वेगळा, दाटपणा वेगळा. दाट ॲसेटिक आम्लसुद्धा कातडी भाजते.

न बदलणारा आकडा

आता त्या 6 ग्रॅमऐवजी लिटरला 0.6 ग्रॅम आम्ल घ्या. हजारांतले सुमारे 41 रेणू फुटतील. पाणी वाढले की फुटीचे प्रमाण वाढते. मग जोर मोजायचा कशाने? जर्मनीत ओस्टवाल्ड यांनी 1888 साली याचा नियम दिला. फुटलेल्या दोन्ही तुकड्यांच्या प्रमाणांचा गुणाकार करायचा आणि त्याला न फुटलेल्या रेणूंच्या प्रमाणाने भागायचे. पाणी कमी-जास्त केले तरी ॲसेटिक आम्लाचा भागाकार 0.000018 च्या आसपासच येतो. यालाच विचरण स्थिरांक म्हणतात.

इतकी शून्ये लिहिणे जिकिरीचे, म्हणून सोपा आकडा वापरतात. 0.0001 ला 4 म्हणायचे आणि 0.00001 ला 5. ॲसेटिक आम्ल या दोहोंमध्ये, 4.8 वर बसते. आकडा एकाने उतरला की जोर दहापट. या हिशेबाने ऑक्झॅलिक आम्ल 1.3, चिंचेतले टार्टारिक 3.0, लिंबातले सायट्रिक 3.1, मॅलिक 3.4, दह्यातले लॅक्टिक 3.9 आणि कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून होणारे कार्बॉनिक आम्ल 6.4. ही सगळी सौम्यच, पण धातूशी भांडायला पुरेशी. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकते ते यामुळेच.

जोरकस येतो, कमजोर उठतो

शेतातल्या चुनखडीचा खडा घेऊन त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. चुना हा कार्बॉनिक आम्लाचा क्षार आहे. त्याच्याहून जोरकस आम्ल आले की ते कमजोराला जागेवरून उठवते, आणि उठलेले कार्बॉनिक आम्ल कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जाते. चुना शिल्लक आहे तोवर ओतलेले आम्ल असेच खर्ची पडते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुष्कळ काळ्या रानांत चुनखड आहे. सामू आठाच्या वर, लोह-जस्ताची कमतरता, पाने पिवळी. मग कुणी सुचवते, आम्ल सोडा, सामू उतरेल. आधी हिशेब करू. एक एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 9 लाख किलो. तिच्यात 5 टक्के चुना असेल तर तो 45 टन झाला. शंभर किलो चुन्याला 98 किलो गंधकाम्ल लागते, म्हणजे एकराला सुमारे 44 टन! चार-दोन कॅन ओतून सामू काही दिवस हलल्यासारखा वाटेल, पण पुन्हा जागेवर येईल.

चुनखडीच्या चोपण जमिनीची गोष्ट निराळी. तिथे गंधक घालतात. जमिनीतले जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात, ते चुना विरघळवते आणि सुटा झालेला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. सोडियमला पाण्याबरोबर निघून जायला चर मात्र हवा. गंधक की जिप्सम, आणि किती, हे माती परीक्षणावरून ठरवावे. त्यासाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे.

हरभरा मात्र हे काम शहाणपणाने करतो. त्याची मुळे आम्ले सोडतात ती अगदी मुळाशी, हवी तेवढीच. त्यांनी चुन्याशी बांधलेला स्फुरद मोकळा व्हायला मदत होते. सगळे रान बदलण्याच्या भरीस तो पडत नाही.

ठिबकसाठी

नळीतला चुन्याचा थर थोडा असतो, म्हणून तिथे आम्ल उपयोगी पडते. पण ते तीव्र आहे हे विसरू नका. आधी पाणी घ्यावे आणि मग त्यात आम्ल हळूहळू सोडावे. आम्लावर पाणी कधीही ओतू नये. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोन्हींची भांडीही वेगळी ठेवावीत. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेत. अंगावर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले तर बराच वेळ पाण्याने धूत राहावे आणि दवाखाना गाठावा.

आणि ती बाटली आंबेच्या बाटलीशेजारी फडताळात नको. दिसायला दोन्ही पाण्यासारखीच.