टिपेश्वर अभयारण्य

महाराष्ट्र राज्याच्या यवतमाळ जिल्ह्यातील एक वन्य जीव अभयारण्य. क्षेत्रफळ १४८·६३ चौ. किमी. जिल्ह्याच्या दक्षिण भागात केळापूर (पांढरकवडा) व घाटंजी या तालुक्यांत, तेलंगण राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेजवळ ते पसरलेले आहे. नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग (क्र. ४४) जवळून जातो. येथील टिपाई देवीच्या स्थानावरून हे नाव पडले, असे मानतात. १९९७ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले.

प्रदेश चढउताराचा व टेकड्यांचा असून अरण्य उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, धावडा, तिवस, मोह, तेंदू, बांबू इ. वनस्पती येथे आढळतात. पाऊस मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पडतो. उन्हाळ्यात बहुतेक ओढे आटत असल्याने पाणवठ्यांची निगा हे व्यवस्थापनाचे महत्त्वाचे काम ठरते. वाघ, अस्वल, तडस, चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर हे येथील प्रमुख प्राणी होत.

अभयारण्याचा कारभार वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चालतो. नियंत्रणाचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्य जीव रक्षकाकडे असून प्रत्यक्ष व्यवस्था पांढरकवडा येथील वन्य जीव विभाग पाहतो. शिकारीस बंदी असून प्रवेशास परवाना लागतो. जमिनीवरील हक्कांची चौकशी जिल्हाधिकारी करतो. वनहक्क अधिनियम, २००६ मुळे पिढ्यान् पिढ्या वनात राहणाऱ्यांच्या हक्कांनाही कायद्याची मान्यता मिळाली. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास बंदी असते; अभयारण्यात मात्र ती नियमांच्या मर्यादेत चारता येतात.

कापूस, तूर व सोयाबीन यांच्या शेतांनी वेढलेले हे अरण्य एखाद्या बेटासारखे आहे. आकाराच्या मानाने येथे वाघांची वाढ चांगली झाली; परंतु वयात आलेल्या वाघास स्वतःचे क्षेत्र लागते व ते आत न मिळाल्यास तो बाहेर पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ पट्टा बसविलेला येथील एक तरुण वाघ त्याच वर्षी जूनमध्ये निघाला आणि तेलंगणासह अनेक जिल्हे ओलांडून डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर त्याची वाटचाल सुमारे १,३०० किमी. झाली होती. शेते, ओढे व रस्ते ओलांडत तो गेला; अरण्यांना जोडणारे मार्ग किती आवश्यक आहेत, हे त्यावरून दिसून आले.

या स्थलांतराची दुसरी बाजूही आहे. अभयारण्याबाहेरील पांढरकवडा–राळेगाव परिसरात १३ माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानली गेलेली ‘टी–१’ (अवनी) ही वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली. या घटनेवर देशभर वाद झाला. मनुष्यहानी, पशुधनहानी व पिकांचे नुकसान यांबद्दल शासन भरपाई देते. तथापि पहाटे शेतावर जाणाऱ्या शेतकऱ्याची व रानात गुरे नेणाऱ्या गुराख्याची सुरक्षितता सांभाळल्यावाचून या अरण्याचे रक्षण दीर्घकाळ टिकणे कठीण आहे.