जुने विलायती रंधे

पोस्टाचीं तिकिटें किंवा जुनीं नाणीं जमविणारे गृहस्थ आपल्या परिचयाचे असतील. परंतु सुताराचे जुने रंधे जमविणारेहि लोक इंग्लंडांत आहेत, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल.

हे रंधे बहुधा बीच नांवाच्या झाडाच्या लाकडाचे असतात. ठोकळ्यांत खांच, तींत पोलादी पातें व तें घट्ट बसविण्यास लांकडी पाचर, एवढीच रचना. पुढील टोकावर रंधा घडविणाराच्या नांवाचा ठसा असतो, आणि संग्राहकाची नजर प्रथम तेथेंच जाते. अठराव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें रंधे करणारा रॉबर्ट वूडिंग याचा ठसा सांपडला, तर त्याचा आनंद पाहून घ्यावा! त्याच टोकावर मालकांचींहि नांवें ठोकलेलीं असतात. एकाच रंध्यावर तीन-चार पिढ्यांचे सुतार भेटतात. नांव नसलें तरी वस्तु अगदींच मुकी नसते. जुने गलत्याचे रंधे दहा इंचांच्या आसपास लांब असत. पुढें साडेनऊ इंच हें माप रूढ झालें. जुन्यांच्या कडा रुंद व सपाट तासलेल्या, मागाहूनच्यांच्या गोलसर. १९६८ सालीं डब्ल्यू. एल. गुडमन यांनीं ब्रिटिश रंधेकारांची नामावली ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली, त्यामुळें काळ ठरविणें पुष्कळच सुलभ झालें.

घात होतो तो मात्र हौसेनेंच. नवखा संग्राहक रंधा घरीं आणतो आणि काचकागदानें घांसून लखलखीत करितो. त्यांत ठसा पुसट होतो, कडा झिजतात, म्हणजे वयाचा दाखलाच नाहींसा होतो. पाटी स्वच्छ पुसणाऱ्या मुलास मी शाबासकी देत असें. येथें ती देतां येणार नाहीं. मऊ फडकें व थोडें मेण पुरे. दुसरें नुकसान व्यापारी करितात. खोलगट व फुगीर तळाच्या रंध्यांचा पूर्ण संच १८ जोड्यांचा, म्हणजे ३६ नगांचा. तो फोडून एकेक नग शोभेची वस्तु म्हणून विकला जातो.

म्हणूनच रॉचेस्टर येथील गिल्डहॉल संग्रहालयांतील पेटीचें मोल फार. १७९६ सालीं चॅटमच्या जोसेफ सीटन यानें आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठीं लंडनच्या गेब्रियल पेढीकडून हत्यारें घेतलीं. मुलानें पुढल्या वर्षीं त्यांकरितां पेटी केली व किंमतींसह यादी लिहून ठेविली. हत्यारें फारशीं वापरलींच गेलीं नाहींत. त्यामुळें गेब्रियलचा एखादा झिजलेला रंधा हातीं आला, तर तो नवा असतांना कसा होता, हें त्या पेटीवरून ताडून पाहतां येतें.